‘पाण्यात सुटणारे’ – पण किती वेळात?



छत्रीचे कापड भिजले तरी टिकले पाहिजे. साबणाची वडी मात्र भिजल्यावर झिजली पाहिजे; ती झिजलीच नाही तर तिचा उपयोग काय? वस्तू वेगवेगळ्या असल्या म्हणजे अशा उलटसुलट मागण्या पुरविणे कठीण नसते. पण एकाच वस्तूकडून दोन्ही गोष्टी मागितल्या तर? तिने पाकिटात कित्येक महिने ओले राहावे, हातात धरून जोराने पुसले तरी फाटू नये, आणि शौचकूपात टाकून पाणी सोडले की थोड्याच वेळात तिचे तंतू तंतू वेगळे व्हावेत! ही मागणी काल्पनिक नाही. जगातील अनेक कारखाने आज तिच्यामागे लागलेले आहेत.

वस्तू तशी साधी आहे. पातळ, मऊ, ओलसर कापडासारखा दिसणारा तो एक तुकडा असतो. बाजारात त्याला ‘वेट वाइप’ किंवा नुसते ‘वाइप’ म्हणतात. तान्ह्या बाळाचे अंग पुसण्यासाठी, प्रवासात हात-तोंड पुसण्यासाठी तो तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आला असेल. युरोप-अमेरिकेत शौचानंतर कागदाने पुसण्याची चाल आहे. कोरड्या कागदापेक्षा ओला वाइप तेथील लोकांना बरा वाटू लागला. कागद शौचकूपात टाकायची सवय होतीच. तीच सवय वाइपलाही लागली. मग कारखानदारांनी पाकिटावर शब्द छापला – ‘फ्लशेबल’. म्हणजे शौचकूपात टाकून पाण्याबरोबर वाहून जाऊ देण्याजोगा.

या लेखात मला दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली, असा वाइप बनविण्यामागचे विज्ञान फार सुंदर आहे आणि ते तुम्हाला समजले पाहिजे. दुसरी, ‘फ्लशेबल’ हा शब्द पाकिटावर छापण्याचा अधिकार एकट्या कारखानदाराकडे असता कामा नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिली गोष्ट नीट कळली की दुसरी आपोआप पटेल, असे मला वाटते.

कागद पाण्यात का मोडतो?

‘विरघळणे’ आणि ‘सुटणे’ यांतील फरक आधी ध्यानात घ्या. साखर पाण्यात विरघळते. तिचा रेणू न् रेणू वेगळा होतो आणि गाळणीतून पार जातो. कागद तसा विरघळत नाही. त्याचे तंतू तसेच राहतात. फक्त एकमेकांपासून सुटे होतात. म्हणून कागदाचा लगदा गाळणीवर पकडता येतो आणि त्याचा पुन्हा कागद करता येतो.

हे तंतू सेल्युलोजचे असतात. सेल्युलोजच्या लांबलचक साखळीवर जागोजागी ऑक्सिजन व हायड्रोजन यांचे हायड्रॉक्सिल गट असतात. कागद वाळताना शेजारशेजारचे तंतू अगदी जवळ येतात आणि त्यांच्यामध्ये हायड्रोजन बंध तयार होतात. एकेक बंध दुबळा असतो; रेणूच्या आतल्या कार्बन-कार्बन बंधाच्या मानाने त्याची ताकद दशांशाहूनही कमी. पण संख्या अफाट असल्याने कागद टिकाऊ होतो. आता पाणी आले की काय होते? पाण्याच्या रेणूलाही हायड्रोजन बंध करता येतात. तो दोन तंतूंच्या मध्ये शिरतो, आणि एका तंतूचा हात दुसऱ्या तंतूच्या हातातून सोडवून स्वतःच्या हातात घेतो. साधा कागद चिंब भिजला की त्याची कोरडेपणीची ताकद दहा टक्केसुद्धा उरत नाही.

पण सगळेच कागद असे नसतात. शर्टाच्या खिशात विसरलेली नोट धुण्यातून बहुधा शाबूत निघते. त्याच खिशातील बसच्या तिकिटाचा मात्र गोळा होतो. आपल्या नोटांचा कागद कापसाच्या तंतूंचा आणि ओलेपणी टिकावा म्हणून खास प्रक्रिया केलेला असतो. म्हणजे ओल्या वस्तूची ताकद वाढविता येते, हे तुम्ही जाणताच. अडचण अशी आहे की फ्लशेबल वाइपमध्ये ती वाढवायची, पण शौचकूपात गेल्यावर तिने नाहीसे व्हायचे.

आखूड तंतूंची युक्ती

साधा, बाळाचे अंग पुसण्याचा वाइप कसा असतो ते आधी पाहू. तो विणलेला नसतो. पुष्कळ वाइपांत पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन हे प्लॅस्टिकचे तंतू मिसळलेले असतात, आणि तंतूंची लांबी ३८ ते ४० मिलिमीटरच्या आसपास असते. तंतूंच्या थरावर पाण्याच्या अतिशय बारीक, जोरदार धारा सोडतात. धारेचे छिद्र मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढे, आणि पाण्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या शंभरपटीहूनही जास्त असू शकतो. या धारा सुईसारखे काम करतात. तंतू एकमेकांत गुरफटतात आणि त्यांचे कापड बनते. येथे हायड्रोजन बंधाचा फारसा संबंध नाही. धरून ठेवते ते घर्षण. घर्षण पाण्याने नाहीसे होत नाही, म्हणून असा वाइप पाण्यात कितीही दिवस ठेवला तरी सुटत नाही.

आता कापसाचा एक पेळू आठवा. तो दोन्ही हातांनी ओढला तर तंतू एकमेकांवरून घसरून पेळू तुटतो. त्यालाच पीळ दिला की सूत होते आणि ते सहजासहजी तुटत नाही. तंतू जितका लांब, तितका तो शेजाऱ्यांना अधिक ठिकाणी बिलगतो आणि एकूण घर्षण तितके जास्त. कापसाच्या व्यापारात लांब धाग्याच्या कापसाला जास्त भाव का मिळतो, याचे एक कारण हेच आहे.

अभियंत्यांनी नेमकी याच्या उलट वाट धरली. तंतू आखूड घ्यायचे! लाकडाच्या लगद्याचे दोन-तीन मिलिमीटर लांबीचे तंतू, आणि त्यांच्या जोडीला व्हिस्कोजसारखे सेल्युलोजचेच, पण सुमारे सहा ते बारा मिलिमीटर लांबीला कापलेले तंतू. हे मिश्रण भरपूर पाण्यात कालवून कागदाप्रमाणे जाळीवर पसरतात. मग पाण्याच्या धारा सोडतात, पण दाब जाणूनबुजून कमी ठेवतात. तंतू गुरफटतात, पण जेमतेम. हाताने पुसण्याइतकी ताकद येते. पुढे पाण्यात खूप घुसळले गेले की आखूड तंतू एकमेकांतून निसटू लागतात आणि वाइपचे तुकडे होतात.

येथे ‘खूप घुसळले गेले की’ हे शब्द विसरू नका. पुढे त्यांच्याकडे परत यावयाचे आहे.

मिठाची युक्ती

दुसरी युक्ती रसायनशास्त्राची आहे, पण तिच्या मुळाशी तुमच्या ओळखीचा कूलोंबचा नियम आहे. तंतू चिकटविण्यासाठी एक खास पॉलिमर, म्हणजे बहुवारिक, वापरतात. त्याच्या लांब साखळीवर जागोजागी ऋण प्रभार असतात. गोड्या पाण्यात हे सजातीय प्रभार एकमेकांना दूर ढकलतात, साखळी मोकळी होते आणि पॉलिमर पाण्यात मिसळून जातो. पाण्यात मीठ असेल तर? मिठाचे धन सोडियम आयन या ऋण प्रभारांभोवती गोळा होतात आणि त्यांचे अपकर्षण झाकून टाकतात. साखळी आकसते, पॉलिमर पाण्याबाहेर पडतो आणि तंतूंना धरून बसतो.

साबण तयार करताना शेवटी मिठाचे पाणी घालतात आणि साबण वर तरंगून वेगळा होतो. समुद्राच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. येथील तत्त्व त्याच जातीचे आहे. वाइप ज्या द्रवात भिजवून ठेवतात त्यात मीठ असते, म्हणून पाकिटात तो घट्ट राहतो. शौचकूपातील भरपूर गोड्या पाण्यात मिठाचे प्रमाण एकदम घटते आणि चिकटविणारा पदार्थच सोडून जातो. कुलूप आणि किल्ली दोन्ही मिठाचीच! अशी कल्पना ज्यांना सुचली त्यांचे कौतुक केलेच पाहिजे.

पण निसर्ग इतक्या सहज कोणाला सोडत नाही. सगळ्याच गावांचे पाणी सारखे नसते. दुष्फेन, म्हणजे कठीण, पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे आयन असतात. त्यांच्यावर दोन धन प्रभार असल्याने एकच आयन दोन साखळ्यांना एकदम धरून ठेवू शकतो. सुरुवातीचे काही पॉलिमर याच कारणाने कठीण पाण्यात सुटेनासे झाले. मग संशोधकांनी साखळीवरचे गट बदलले. सल्फोनेट गट असलेले पॉलिमर कॅल्शियमला इतक्या सहजी बधत नाहीत असे दिसून आले. लंडनचे पाणी कठीण आहे. आपल्या दख्खनच्या पठारावरील पुष्कळ विंधन विहिरींचे पाणीही कठीण आहे. घरच्या बादलीवर आणि नळाच्या तोंडावर बसणारा पांढरा थर त्याचीच साक्ष देतो. मऊ पाण्याच्या प्रयोगशाळेत सुटलेला वाइप तुमच्या गावच्या पाण्यात सुटेलच, असे म्हणता येत नाही.

किती वेळात? किती जोराने?

आतापर्यंतच्या विवेचनातून एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. ‘पाण्यात सुटतो’ हा लोखंडाच्या घनतेसारखा त्या वस्तूचा एकटीचा गुणधर्म नाही. तो चार गोष्टींवर अवलंबून आहे – पाण्याचे प्रमाण, पाण्यातील क्षार, घुसळण्याचा जोर आणि वेळ. या चार गोष्टी सांगितल्याशिवाय ‘सुटतो’ म्हणणे म्हणजे एकक न सांगता लांबी पाच आहे असे म्हणणे होय.

जपानने आपल्या टॉयलेट पेपरसाठी अशी कसोटी ठरविलेली आहे. पात्रात ३०० मिलिलिटर पाणी घेतात, चुंबकीय दांडीने ते मिनिटाला ६०० फेरे या गतीने ढवळतात आणि त्यात कागदाचा चौकोनी तुकडा टाकतात. तुकडा अखंड असताना दांडीची गती मंदावते. तो सुटू लागला की गती पुन्हा वाढते. ती ठरावीक आकड्यापर्यंत वाढायला १०० सेकंदांहून जास्त वेळ लागता कामा नये. कागद सुटला की नाही हे डोळ्यांनी ठरवायचे नाही, दांडीच्या गतीवरून ठरवायचे. कसोटी असावी तर अशी, नि:संदिग्ध.

वाइपसाठी वेगळे यंत्र वापरतात. एक मोठी पेटी पाण्याने अंशतः भरून झोपाळ्यासारखी मागे-पुढे हलवितात, आणि ठरावीक वेळाने पाणी चाळणीतून ओतून किती भाग पार गेला ते वजनाने मोजतात. मात्र पेटी किती जोराने आणि किती वेळ हलवायची, यावर वर्षानुवर्षे भांडण आहे. वाइप बनविणाऱ्यांच्या संघटनांची कसोटी जास्त वेळ व जास्त जोराने हलविण्याची; मलनिस्सारण चालविणाऱ्या अनेक देशांतील संस्थांनी एकत्र येऊन २०१८ पासून मांडलेली कसोटी कमी वेळाची व हळुवार. एकच वाइप एका कसोटीत उत्तीर्ण होतो आणि दुसरीत नापास!

मग खरे कोणाचे? हे ठरविण्यासाठी आपण एक साधे गणित करू. मलवाहिनीत घाण साचून राहू नये म्हणून पाण्याचा वेग सेकंदाला किमान सुमारे ०.६ मीटर असावा, असा अभियंत्यांचा नियम आहे. घरापासून रस्त्यावरच्या वाहिनीपर्यंत १५ मीटर नळ आहे असे समजा. १५ भागिले ०.६ म्हणजे २५ सेकंद. एवढ्या वेळात वाइप सुटणार नाही. तो त्या नळातून अखंडच जाणार, आणि नळाच्या सांध्यात एखादे मूळ शिरलेले असेल तर तेथे अडकणार. पंपिंग स्टेशन एक किलोमीटरवर असेल तर वेळ मिळतो १००० भागिले ०.६, म्हणजे सुमारे २८ मिनिटे. ज्या वाइपला सुटायला तासभर लागतो, तो पंपापर्यंत अखंड पोहोचला की नाही?

शिवाय मलवाहिनीतील पाणी पेटीतल्यासारखे सतत हेलकावत नाही. रात्री प्रवाह अगदी कमी होतो. पाणी वाचविण्यासाठी शौचकूपाच्या टाक्याही लहान झाल्या आहेत. अमेरिकेत १९९४ पासून नव्या घरगुती शौचकूपांना एका वेळी सुमारे ६ लिटरच पाणी वापरण्याचे बंधन आले. पाणी वाचविणे योग्यच आहे, पण त्यामुळे वाइपला ढकलणारे आणि घुसळणारे पाणी घटले. आणि सेप्टिक टँकमध्ये तर पाणी स्थिरच असते. घुसळण नाही म्हणजे आखूड तंतूंची युक्ती तेथे जवळजवळ निकामी ठरते.

न सुटलेल्या वाइपचे काय होते?

लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील जुन्या विटांच्या मलवाहिनीत २०१७ च्या सप्टेंबरमध्ये एक अजस्र गोळा सापडला. लांबी सुमारे २५० मीटर, वजन सुमारे १३० टन! तो बनला होता स्वयंपाकघरांतून आलेल्या चरबीचा आणि वाइपांसारख्या वस्तूंचा. चरबीचे विघटन होऊन मेदाम्ले तयार होतात, ती कॅल्शियमशी संयोग पावून कठीण, साबणासारखा पदार्थ बनतो. सिमेंट काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या जे काम करतात, तेच काम या गोळ्यात वाइप करतात. तो फोडून काढायला कामगारांना कित्येक आठवडे खपावे लागले. त्याचा एक तुकडा पुढे लंडनच्या संग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी ठेवला होता.

पंपाचे हाल वेगळेच. प्रवाहात गिरक्या घेताना वाइप एकमेकांना पीळ देतात आणि त्यांचे दोर वळले जातात. हे दोर पंपाच्या पात्यांना गुंडाळले की पंप बंद. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील चार्ल्सटन शहराच्या मलजल केंद्रात पाणबुड्यांना ऐंशी-नव्वद फूट खोल मैलापाण्यात उतरविण्यात आले. तेथे काहीही दिसणे शक्य नव्हते. हातांनी चाचपडून त्यांनी वाइपांचे लगदे पंपांच्या तोंडातून बाहेर काढले.

कॅनडातील टोरोंटो येथे रायर्सन विद्यापीठाने, ज्याचे नाव आता टोरोंटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठ आहे, २०१९ साली १०१ वस्तूंची चाचणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी २३ वाइप ‘फ्लशेबल’ म्हणून विकले जात होते. त्यांतला एकही मलवाहिनीच्या दृष्टीने पुरेसा सुटला नाही. टॉयलेट पेपर मात्र सुटला.

कारखानदारांची बाजू

दुसरी बाजू न ऐकता निर्णय देणे विज्ञानाला शोभत नाही. कारखानदार म्हणतात, गटारांतून जे वाइप निघतात त्यांतले बहुतेक बाळाचे अंग पुसण्याचे किंवा फरशी पुसण्याचे असतात; ते फ्लशेबल म्हणून आम्ही कधी विकलेच नव्हते. यात तथ्य आहे. ऑस्ट्रेलियात ग्राहक आयोगाने किंबर्ली-क्लार्क कंपनीविरुद्ध ‘फ्लशेबल’ शब्दावरून खटला भरला, तेव्हा २०१९ साली न्यायालयाने तो फेटाळला आणि पुढील वर्षी अपीलही फेटाळले गेले. आयोगाला आपले म्हणणे पुराव्याने सिद्ध करता आले नाही. उलट अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१५ साली नाइस-पाक या कंपनीवर बंधन घातले, कारण तिच्या चाचण्या प्रत्यक्षातील मलवाहिनीशी जुळणाऱ्या नव्हत्या, असा आयोगाचा आक्षेप होता.

तरीही कारखानदारांच्या युक्तिवादाला माझे उत्तर आहे. दोन्ही प्रकारचे वाइप हातात घेतले तर सारखेच दिसतात, सारखेच लागतात. एक शौचकूपात टाकायला शिकविले की दुसराही तेथेच जाणार. माणसाचा हात पाकिटावरचे बारीक अक्षर वाचत बसत नाही.

आणि आणखी एक गोष्ट पाहा. चार्ल्सटनच्या संस्थेने २०२१ साली वाइप बनविणाऱ्या व विकणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला. त्यातील तडजोडीत किंबर्ली-क्लार्कने आपले फ्लशेबल वाइप मलनिस्सारण संस्थांच्या कडक कसोटीला उतरतील असे करण्याचे मान्य केले. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये खटल्यानंतर कारखानदार आणि मलनिस्सारणवाले एका मेजाभोवती बसले आणि २०२२ साली दोघांना मान्य असे मानक तयार झाले. म्हणजे कडक कसोटी पार करणे अशक्य नाही. कसोटी कोणी ठरवायची, एवढाच प्रश्न होता. पेपर काढणारा आणि उत्तरे लिहिणारा एकच असला तर निकाल चांगलाच लागणार; तो खरा ज्ञानाचा निकाल असेल असे नाही.

ब्रिटनने याहूनही पुढचे पाऊल टाकले. तेथील जलसंस्थांनी २०१९ साली ‘फाइन टु फ्लश’ असा शिक्का सुरू केला होता. कडक चाचणीत उतरणाऱ्या वाइपलाच तो मिळे. मार्च २०२४ मध्ये त्यांनी तो आपणहून बंद केला. आता तेथील सांगणे एकच – वाइप कोणताही असो, तो कचऱ्याच्या डब्यात टाका. काही वाइप टाका आणि काही टाकू नका, असे दोन आदेश दिले तर लोकांचा गोंधळ होतो, हे त्यांना पटले.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक गंभीर का?

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे तर बहुतेक घरी पाणीच वापरतात. लंडन-टोरोंटोची चिंता आपण का करावी? कारण वाइप आता आपल्या दुकानांतही मिळतात, फ्लशेबल म्हणून विकले जाणारेसुद्धा. शहरांतल्या उंच इमारतींत शौचकूप हे कचरा टाकण्याचे सोयीचे भोक समजले जाऊ लागले आहे. आणि आपल्याकडे तुंबलेले गटार मोकळे करण्यासाठी अजूनही कित्येकदा माणूस उतरतो.

मलवाहिनीत हायड्रोजन सल्फाइड वायू साचतो. त्याचा रेणुभार ३४, हवेचा सरासरी २९. म्हणून तो खाली तळाशी साचून राहू शकतो. थोडा असला तर कुजक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. वास गेला म्हणजे धोका टळला असे वाटते, आणि त्याच क्षणी धोका सर्वांत मोठा असतो. संरक्षक साधनांविना माणसाला मलवाहिनीत किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही असे मृत्यू थांबलेले नाहीत; २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबाला द्यावयाची भरपाई ३० लाख रुपये केली. भरपाई वाढवावी लागते याचाच अर्थ माणसे अजून मरत आहेत.

चार्ल्सटनच्या पाणबुड्यांकडे पूर्ण पोशाख होता, श्वासासाठी हवा होती. आपल्याकडे मॅनहोलमध्ये उतरणाऱ्याजवळ अनेकदा एक दोर असतो. पाकिटावरचा ‘फ्लशेबल’ हा शब्द चुकीचा ठरला तर त्याची किंमत पाकीट विकणारा देत नाही, विकत घेणाराही देत नाही. ती देतो तो हा माणूस. म्हणून कसोटी त्याच्या जागेवरून ठरली पाहिजे.

करून पाहा

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, स्वतः मोजा. झाकणाच्या सारख्या आकाराच्या चार पारदर्शक बरण्या घ्या. प्रत्येकीत अर्धा लिटर पाणी घाला. टॉयलेट पेपर, वर्तमानपत्राचा कागद, साधा वाइप आणि मिळाला तर फ्लशेबल वाइप यांचे दहा सेंटिमीटरचे चौकोन कापून एकेका बरणीत टाका. झाकण घट्ट लावा. प्रत्येक बरणी मिनिटाला वीस वेळा, हळुवारपणे उलटी-सुलटी करा. १ मिनिट, ५ मिनिटे, १५ मिनिटे आणि ३० मिनिटांनी काय दिसते त्याची नोंद करा. मग चाळणीतून ओतून वर किती उरते ते पाहा. कोणता तुकडा सुटला, कोणता नुसता मळला, कोणत्याचा दोर झाला?

यानंतर हाच प्रयोग विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने करा आणि तुलना करा. तिसऱ्या वेळी बरणी मुळीच हलवू नका, एक दिवस तशीच ठेवा. तो तुमचा सेप्टिक टँक. निकालाचा तक्ता बनवा. सगळे तुकडे शेवटी कचऱ्याच्या डब्यात टाका, शौचकूपात नव्हे, आणि हात साबणाने धुवा. वर्गातील पाच-सहा जणांनी वेगवेगळ्या भागांतले पाणी आणून हा प्रयोग केला, तर शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मांडण्याजोगे काही नक्की हाती लागेल.

माझे मत

पाण्यात सुटणारा वाइप बनविणे हे वाईट काम आहे, असे मी म्हणत नाही. आखूड तंतू आणि मिठाचे कुलूप यांच्यामागे मोठी बुद्धी आहे. रुग्ण, वृद्ध, अंथरुणाला खिळलेली माणसे यांना वाइपचा खरा उपयोग होतो. माझा आक्षेप न मोजलेल्या शब्दाला आहे. ज्या वस्तूची किती वेळात, कोणत्या पाण्यात आणि किती जोराने घुसळल्यावर सुटण्याची हमी दिलेली नाही, तिच्यावर ‘फ्लशेबल’ छापू देऊ नये. ती हमी आपल्या मलवाहिन्या, आपले पाणी आणि आपले सेप्टिक टँक गृहीत धरून, मलनिस्सारणाचे काम पाहणाऱ्यांनी तपासलेली असावी. तोपर्यंत आपल्या घरापुरता नियम सोपा आहे: शौचकूपाशेजारी झाकणाचा एक डबा ठेवायचा, आणि कोणताही वाइप त्यातच टाकायचा.

तुमच्यापैकी कोणी उद्या रसायन अभियंता होईल, कोणी महापालिकेत अभियंता होईल, कोणी एखाद्या कारखान्यात चाचणी विभाग सांभाळील. एखादी वस्तू ‘सुटते’, ‘टिकते’, ‘सुरक्षित आहे’ असे लिहून सही करण्याची वेळ तुमच्यावर येईल. तेव्हा आधी विचारा – कोणत्या परिस्थितीत? किती वेळात? आणि मी चुकलो तर मॅनहोलमध्ये उतरावे लागणार आहे ते कोणाला?